मोठ्या बायकांच्या पिनाफोरचा पॅटर्न आणि कापडाच्या किटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी

विषय: सदोष पॅटर्न, अपुरं कापड आणि परतावा

महोदय/महोदया,

मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि घरीच शिवणकाम करते. तुमच्या संकेतस्थळावरून मी मोठ्या बायकांसाठीच्या पिनाफोर ड्रेसचा, म्हणजे ब्लाउजवर घालायच्या बिनबाह्यांच्या ड्रेसचा, कागदी पॅटर्न आणि त्यासोबतच्या कॉर्डुरॉय, लिनन आणि डेनिमच्या तीन किट मागवल्या. बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत.

माझी मुख्य तक्रार अशी की तुम्ही लहान मुलीच्या फ्रॉकचा पॅटर्न नुसता मोठा करून बाईच्या मापाचा म्हणून विकला आहे. लहान मुलीचं अंग छातीपासून खाली साधारण सरळ असतं, म्हणून तिचा पिनाफोर डोक्यावरून सहज उतरतो. माझी छाती ४०, कंबर ३४ आणि सीट (नितंबांचा घेर) ४२ इंच आहे. कंबर मापाला बसवली तर तो छातीवरून खाली येत नाही, आणि खाली येईल इतकी सैल ठेवली तर कंबरेला आकार राहत नाही. अशा ड्रेसला डाव्या बाजूला चेन किंवा पाठीला बटणपट्टी लागतेच. तुमच्या पॅटर्नमध्ये दोन्ही नाहीत. माहितीपत्रकात फक्त ‘डोक्यावरून घाला’ असं लिहिलं आहे. डेनिमसारख्या न ताणल्या जाणाऱ्या कापडात हे कसं जमायचं?

पुढच्या भागाला छातीचा एकही टक्स, म्हणजे आकार देणारी शिवलेली चुणी, नाही. ३२ आणि ४२ या मापांच्या रेघा मी एकमेकींवर ठेवून पाहिल्या. छाती वाढली त्या प्रमाणात खांदाही दोन्हीकडे सव्वा-सव्वा इंच बाहेर नेलेला आहे. छाती भरते म्हणून खांद्याची हाडं तेवढी रुंद होत नाहीत. परिणामी पट्टे दंडावर घसरतात आणि मुंढा (हात घालायची जागा) काखेत रुततो. हा ड्रेस ब्लाउज किंवा टी-शर्टवर घालायचा असतो, तेव्हा मुंढा उलट खाली आणि मोकळा हवा. खिसेसुद्धा मुलींच्या फ्रॉकचेच, चार इंची. त्यात मोबाईल मावत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका हा ड्रेस मागतात तो बऱ्याच अंशी खिशांसाठी. लोकलच्या गर्दीत पास आणि फोन हाताशी लागतो.

आता कापडाविषयी. तिन्ही किटमध्ये सरसकट अडीच मीटर कापड दिलं आहे. लिननचा पन्हा (कापडाची रुंदी) ५८ इंच आणि कॉर्डुरॉयचा ४४, तरी माप एकच! त्यात कॉर्डुरॉयला लव, म्हणजे एका दिशेने झुकलेले मऊ तंतू, असते. वरून खाली हात फिरवला की ते गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला की खरखरतं, आणि लव वरच्या दिशेने असली की तोच रंग जास्त गडद दिसतो. म्हणून त्याचे सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात. तुमच्या कटिंगच्या आकृतीत मात्र कापड वाचवायला पुढचा भाग सुलटा आणि पाठ उलटी मांडली आहे. तसं कापलं असतं तर पुढून चॉकलेटी आणि मागून फिकट ड्रेस तयार झाला असता. मी मागच्या बाजूला खडूने बाण काढून सगळे भाग एकाच दिशेने मांडले, तेव्हा पट्टे आणि गळ्याला आतून लावायची पट्टी यांना कापडच उरलं नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात तसा रंग शोधला, मिळाला नाही. शेवटी आतली पट्टी पातळ पॉपलिनची लावली. खरं तर तीच योग्य आहे. कॉर्डुरॉयवर कॉर्डुरॉय दुमडलं की गळा जाड होऊन उभा राहतो. हे माहितीपत्रकात तुम्ही सांगायला हवं होतं.

लिनन सुरेख आहे, पोत आणि रंग दोन्ही. पण ते आधी भिजवून घ्या, हे कुठेही छापलेलं नाही. मी कापण्याआधी भिजवून वाळवलं, तर अडीच मीटरचं दोन मीटर अडतीस सेंटिमीटर भरलं. नवशिकी मुलगी ते तसंच शिवेल आणि पहिल्याच धुण्यात चाळीस इंच लांबीचा ड्रेस दोन इंच आखडून गुडघ्याच्या वर जाईल. डेनिमच्या किटमध्ये तुम्ही ११ नंबरची सुई दिली आहे. पट्टा जिथे कंबरपट्टीला जोडायचा, तिथे कापडाचे इतके थर येतात की ती मोडलीच. त्याला १६ नंबरची सुई आणि जाड दोरा लागतो.

तुमच्या ग्राहक सेवेने मला दोन उत्तरं दिली. पहिलं, ‘थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या.’ पॅटर्न विकत घ्यायचा तो मापं पुन्हा काढावी लागू नयेत म्हणूनच. दुसरं, मी गिऱ्हाइकांचे कपडे शिवते म्हणून मी ग्राहक ठरत नाही. हे चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारी व्यक्तीही ग्राहकच असते. शिवाय ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

पॅटर्न आणि कॉर्डुरॉयच्या किटची पूर्ण रक्कम मला परत करा. डेनिमसाठी योग्य सुई आणि दोरा पाठवा. हा पॅटर्न दुरुस्त होईपर्यंत त्याची विक्री थांबवा: टक्स घाला, चेनची जागा दाखवा, मुंढा नव्याने काढा, आणि प्रत्येक कापडासाठी पन्ह्यानुसार वेगळं माप व वेगळी कटिंगची आकृती द्या. ज्यांनी तो आधीच घेतला आहे, त्यांना सुधारित पत्रक विनामूल्य पाठवा. त्यांतल्या कित्येकींनी आपलंच अंग बेढब आहे असं समजून कापड कपाटात टाकलं असेल, याचं मला फार वाईट वाटतं.

मुदतीत उत्तर आलं नाही तर मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. कापलेले भाग, मोडलेली सुई आणि मूळ पॅटर्न माझ्याकडे जपून ठेवले आहेत. तपासणीसाठी हवे असल्यास तुमच्या खर्चाने मागवून घ्या.

आपली,
एक ग्राहक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)