मगर उभयचर नाही: तुमच्या प्राणी-तक्त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक विभाग

आज चौथा फोन झाला. आता लेखीच देते.

तुमच्या वर्गीकरणाच्या तक्त्यात मगर उभयचरांच्या रकान्यात, बेडकाच्या शेजारी छापली आहे. मी वडोदऱ्याची. आमच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, पूर आला की त्या रस्त्यांवर येतात. इथल्या पोरांना मगर ठाऊक आहे, वर्ग तेवढा तक्त्यातून शिकायचा होता. चौथीतल्या माझ्या नातवाने वर्गात "उभयचर" सांगितलं आणि चूक ठरला. घरी येऊन म्हणाला, "आजी, तक्ता तूच आणलास ना?"

फोनवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, मगर पाण्यात राहते, जमिनीवरही येते. मग उभयचरच झाली ना?" मी शांतपणे सांगितलं. बेडकाची कातडी ओलसर, अंडी बिनकवचाची, पाण्यात घातलेली. पिल्लू आधी कल्ल्यांनी श्वास घेतं, फुप्फुसं नंतर येतात. मगरीच्या अंगावर खवले, अंडी कवचाची, काठावर खड्डा करून पुरलेली, आणि पिल्लू जन्मापासून फुप्फुसांनीच श्वास घेतं. म्हणून ती सरीसृप. कुठे राहते यावरून वर्ग ठरत नाही. त्याने सात मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन म्हणाला, "लहान मुलांचाच तक्ता आहे मॅडम, एवढं कोण बघतं?"

मी बघते. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय. इथले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यांच्या गावात राहून मला हे ऐकून घ्यावं लागलं!

शिवाय देवमासा माशांत. नावात मासा आहे म्हणून? देवमाशाची मादी पिल्लाला दूध पाजते, श्वासासाठी पाण्यावर येते. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ सालीच त्याला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत नेलं. आणि मगर उभयचरांत, हे पुन्हा लिहिते, कारण चारही वेळा तुम्ही ते "नोंदवून घेतलं" आणि केलं काहीच नाही.

माझ्या लेकीची अंकलिपी तुमचीच होती, एक चूक सापडली नव्हती. म्हणूनच डोळे झाकून हा तक्ता घेतला. फार वाईट वाटलं.

पंधरा दिवसांत पैसे परत करा आणि दुकानांतले तक्ते मागे घ्या. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन, आणि तिथे भागलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाईन. आणि चूक छापणाऱ्यांची होती, मुलाची नाही, असं सहीनिशी लिहून पाठवा. ते मला नातवाच्या बाईंना दाखवायचं आहे.

एक ग्राहक, वडोदरा