दप्तर कुठे उसवतं ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्या की दप्तराच्या ओझ्यावर आपल्या पानावर पत्रं येतात. बहुतेक पत्रांत दोष पुस्तकांना दिलेला असतो. मी ती पत्रं शिलाई मशीनवर बसून वाचते आणि दरवर्षी मला वाटतं की यांनी एकदा फाटलेली दप्तरं पाहायला हवीत. अमळनेरला मी एकोणीस वर्षं सॅक आणि बॅगा दुरुस्त करते. माझे वडील ताडपत्र्या शिवायचे आणि पंढरपूरला निघणाऱ्या वारकऱ्यांसाठी पडशा. सखाराम महाराजांची पायी वारी इथूनच निघते, त्यामुळे ते काम ठरलेलं असायचं. पडशीला दोन तोंडांना दोन कप्पे. खांद्यावर टाकली की निम्मं वजन छातीवर, निम्मं पाठीवर. आता वारकरीही सॅकच घेऊन येतात. माझ्या मशीनला मात्र अजून जाड सुई आणि नायलॉनचा दोराच लागतो.

सॅक कुठे फाटली ते पाहिलं की माणूस तिचं काय करतो ते कळतं. जळगाव-भुसावळला अप-डाउन करणारे गर्दीत सॅक पोटावर घेतात. त्यांच्या सॅकवर ब्लेडचा चिरा असतो आणि ते पाठीला टेकणाऱ्या बाजूला आतून चोरखिसा मागतात. भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे सॅकमध्ये वाळू भरून पळतात, त्यांचा तळ सुटतो. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांना कमरेचा पट्टा हवा असतो, तो मी वेगळा लावून देते आणि वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या एक आशाताई येतात. त्यांच्या सॅकमध्ये बाळाचं वजन करायचा झोळीचा काटा, रजिस्टरं आणि औषधं असतात, आणि रजिस्टरांच्या कोपऱ्यांनी अस्तर फाटतं. तिथे मी रेक्झिनचा तुकडा लावते. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या एका कुटुंबाने मुलाचं जुनं दप्तर माझ्याकडे शिवायला दिलं होतं. त्यात वह्या नव्हत्या, धाकट्याचे कपडे होते. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

आणि शेतकरी. हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढचा मुद्दा मला त्यांच्यामुळेच सुचला. कपाशीवर फवारणीचा पाठीवरचा पंप सोळा लिटरचा असतो. नुसतं पाणीच सोळा किलो झालं, वर पंपाचं आणि बॅटरीचं वजन. त्याला कंपनीचा पट्टा असतो तो अरुंद आणि कडक. काही वर्षांपूर्वी एक काका पंपच उचलून घेऊन आले आणि म्हणाले, ‘ताई, हाऊ पट्टा खांदा कापस. तुन्हाकडे जुना पट्टा शे का?’ माझ्याकडे टाकून दिलेल्या दप्तरांचे फोमचे पट्टे होते. रुंद बघून एक जोडी काढली, दुहेरी शिलाई मारली आणि पंपाला बसवून दिली. आता पावसाळ्यात अशी पाच-सात कामं येतातच. ते काका पट्टा घालून बघताना पंप रिकामा होता. मी म्हटलं, भरून बघा. तेव्हा ते म्हणाले की रिकामाच जड आहे, भरल्यावर तर विचारूच नका.

त्या दिवसापासून मी दप्तरं रिकामी करून तोलायला लागले. रद्दीवाल्याकडून एक जुना स्प्रिंगचा काटा घेतला आणि तो दुकानाच्या कडीला टांगला आहे.

नियम सगळ्यांना माहीत आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्या राज्याचा शासन निर्णय २०१५ चा आहे, केंद्राचं दप्तर धोरण २०२० चं. चौथीच्या मुलाला धोरणाप्रमाणे साधारण १.७ ते २.५ किलो. गेल्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलीची सॅक आली. मुलीचं वजन २३ किलो, आईनेच सांगितलं. आईला विचारून सॅक तोलली तर ५.१ किलो भरली. मग एकेक वस्तू काढून तोलली. पुस्तकं-वह्या-कंपास मिळून १.४ किलो. डबा ४०० ग्रॅम. भरलेल्या दोन बाटल्या २.२ किलो. आणि रिकामी सॅक १.१ किलो.

म्हणजे एक अक्षरही आत नसताना, फक्त सॅक आणि पाणी मिळून ३.३ किलो. तिला २.३ च्या वर उचलायचं नव्हतं.

हे एका मुलीचं नाही. माझ्याकडे येणारी शाळेची दप्तरं बहुतेक एकाच जागी फाटलेली असतात. बाटलीच्या जाळीच्या खिशाचा तळ फाटलेला आणि त्याच बाजूचा पट्टा खालच्या टोकाला उसवलेला. पुस्तकं पाठीलगत मध्यभागी बसतात, ती दोन्ही पट्टे सारखे ओढतात. पाणी एका कडेला लोंबतं. मूल त्या बाजूला वाकून चालतं आणि शिलाई त्या बाजूने सुटते. शाळेने पुस्तकं कमी केली तरी हा पट्टा असाच उसवणार. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आली होती, आत कोरी पानंही होती, तेव्हाही मी हेच पट्टे शिवत होते.

आता आई दोन बाटल्या का देते? आपल्या खानदेशात जूनच्या मध्यापर्यंत ऊन उतरत नाही, मार्चपासून पुन्हा चढतं. त्या मुलीच्या आईने सांगितलं की शाळेतल्या टाकीचं पाणी मुलं पीत नाहीत, टाकी कधी धुतली ते कोणी सांगत नाही. शाळेचं नाव लिहीत नाही. अशा तक्रारी मी चार-पाच शाळांबद्दल ऐकल्या आहेत. २०२०च्या धोरणात स्पष्ट आहे की पुरेसं आणि चांगलं पिण्याचं पाणी देणं ही शाळेच्या व्यवस्थापनाची जबाबदारी आहे, मुलांना घरून बाटली आणावी लागू नये म्हणून. दहा टक्क्यांचा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण हे वाक्य मी कुठल्याही पालकसभेत ऐकलेलं नाही.

दुसरी गोष्ट रिकाम्या सॅकची. काही शाळा आपल्या नावाची सॅक ठरलेल्या दुकानातूनच घ्यायला लावतात. त्या बहुतेक जड असतात, कारण जाड अस्तर, सहा-सहा कप्पे आणि प्रत्येकाला वेगळी चेन. पालकांना कप्पे जास्त म्हणजे माल चांगला वाटतो. तसं नाही हो. दोन कप्पे पुरतात. घेताना सॅक उलटी करून पट्ट्याचं खालचं टोक बघा. ते नुसतं शिलाईत दाबलेलं असेल तर दिवाळीपर्यंत सुटेल. त्रिकोणी तुकड्यात धरून चौकट आणि मध्ये फुली अशी शिलाई असेल तर टिकेल. चेनचे दात धरत नसतील तर आधी रनर, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा बघा. झिजलेला रनर थोड्या पैशांत बदलतो, त्यासाठी नवी सॅक घेऊ नका. आणि चाकांची सॅक तर नकोच. जिन्यावर मुलांना लागते म्हणून धोरणातही ती नको म्हटली आहे. माझ्याकडे आया चाकं काढून द्या म्हणून येतात, पण आतला लोखंडी सांगाडा राहतोच.

शिक्षणाधिकारी साहेबांना माझी विनंती आहे की दप्तराची तपासणी कराल तेव्हा रिकामी सॅक आणि पाणी वेगवेगळं तोला. शाळा किंवा संस्था सॅक वाटत असतील तर ऑर्डरमध्ये रिकाम्या सॅकचं वजन लिहून घ्या. संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना या महिन्यात मुलांची दप्तरं न तोलता शाळांच्या टाक्या बघायला पाठवा. झाकण उघडून बघायला सांगा.

त्या चौथीतल्या मुलीचा पट्टा मी चौकट-फुली घालून शिवला. जाळीचा खिसा आईला विचारून लहान केला, अर्ध्या लिटरचीच बाटली बसेल इतका. सॅक घेऊन जाताना आईने विचारलं, ‘आणि दुपारी तहान लागली तर?’ मी तिला काही सांगू शकले नाही.

आपली,
सॅक-बॅग दुरुस्ती करणारी एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव