तिला धीर देऊ नकोस, मला उठव

कोथरूड, पुणे
८ जुलै

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

तू स्टुटगार्टला सुखरूप पोहोचल्याचे बाबांकडून कळले. निघताना आपले बोलणे अर्धवट राहिले आणि दारात गाडी उभी असताना मला ते पुरे करता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाळाचे ठोके घरी ऐकण्याचे जे यंत्र तू मागवलेस, ते मी वरच्या कपाटात ठेवले आहे आणि ते तिथेच राहील. त्यामागचा तुझा जीव मला कळतो. दोन महिने लांब राहायचे, तर निदान ठोके तरी फोनवर ऐकू यावेत, असे तुला वाटले. पण शिकलेल्या कानाला जे ओळखता येते ते आपल्याला येत नाही. मुग्धाच्याच नाडीचा किंवा वारेतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकून आपण निश्चिंत होऊ, आणि ठोके खरोखर बाळाचे असले तरी तेवढ्यावरून बाळ सुखात आहे असे ठरत नाही. घरच्या घरी बाळाची खुशाली त्याच्या हालचालीवरून कळायची, आणि ती मुग्धालाच कळायची.

मुग्धा भिडस्त आहे. आमटीत मीठ कमी असले तरी ती मागून घेत नाही, मग मध्यरात्री सासूचे दार ती वाजवील असे मला वाटत नाही. काही खुपले तर ती आधी तुला सांगणार. इथे साडेअकरा झालेले असतील, तिथे आठ वाजता तू जेवायला बसलेला असशील, आणि ‘आज बाळ फारसे हलले नाही’ असे ती सहज बोलल्यासारखे बोलेल. त्या वेळी तू तिला धीर देऊ नकोस. ‘झोपले असेल’, ‘सकाळी बघू’, यातले काहीही म्हणू नकोस. मला उठवायला सांग, आणि ती संकोचली तर तू स्वतः मला फोन कर.

तिला आता २८ आठवडे पुरे झाले. या सुमारास प्रत्येक बाळाची आपापली लय बसलेली असते. आपले बाळ सकाळी शांत असते, दुपारच्या जेवणानंतर जागे होते आणि रात्री मुग्धा कुशीवर आडवी झाली की खरा खेळ मांडते. बाळ पोटात झोपतेही, पण ती झोप बहुधा २० ते ४० मिनिटांची असते आणि दीड तासाच्या पुढे क्वचितच जाते. डॉक्टरबाईंनी सांगितले आहे की शंका आली तर डाव्या कुशीवर पडून सगळे लक्ष पोटाकडे द्यायचे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर निघायचे, आणि दहा भरूनही नेहमीसारखे वाटत नसेल तरी निघायचे. उचकीने पोट एका तालात हलते, ते त्यात धरायचे नाही. गार पाणी किंवा काही गोड देऊन बाळ हलते का ते पाहत बसायचे नाही. दिवस भरत आले की जागा कमी पडते आणि बाळ शांत होते, असे तुला कोणी सांगेल, कदाचित आत्याच सांगेल. ते खरे नाही. लाथांऐवजी ढकलल्यासारखे, कूस वळवल्यासारखे वाटू लागते, पण बाळ कळा सुरू होईपर्यंत हलत राहते आणि कळांमध्येही हलते. मंदाच्या वेळी घरातल्या सगळ्यांनी हेच म्हटले होते. पुढचे तुला ठाऊक आहे, मी लिहीत नाही.

लिहायला बसले ते तुझी विचारपूस करायला, आणि वर्गावर असल्यासारखी शिकवत सुटले. मनाला लावून घेऊ नकोस. खरे तर मला तुझे कौतुक लिहायचे होते. वार पुढच्या बाजूला असल्यामुळे मुग्धाला बाविसाव्या आठवड्यापर्यंत काही जाणवत नव्हते आणि ती मनातून खचली होती. तेव्हा तू रोज ऑफिसातून आल्यावर हात धुऊन, तळवे एकमेकांवर घासून ऊन करून तिच्या पोटावर ठेवायचास आणि काही लागले नाही तरी बराच वेळ तसाच बसायचास. डोहाळजेवणाच्या दिवशी बायका ओटी भरून उठत होत्या, तेव्हा आतल्या खोलीत तुझ्या हाताला पहिली लाथ लागली आणि तू ‘आई!’ म्हणून ओरडलास. ती हाक मला जन्मभर पुरेल.

तुझ्या वेळी आम्ही नारायण पेठेत राहत होतो. अश्विनीच्या खेपेला मला पाचवा सरताना कळले, पण तुझ्या वेळी चौथा संपता संपताच ओळखले, कारण दुसऱ्या खेपेला ती खूण ठाऊक झालेली असते: आत एखादी मासोळी वळून गेल्यासारखी. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरून ढोलताशे जाऊ लागले आणि तू असा उसळलास की मी खिडकीतून मागे सरले. बाबांनी खिडक्या लावून घेतल्या, पण मिरवणूक सकाळपर्यंत चालू होती. आजी म्हणाल्या, त्याच्याशी बोलत राहा, म्हणून मी माजघरात पोटावर हात ठेवून तुला काहीबाही सांगत बसले होते. पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८० सालीच दाखवून दिले होते की तीन दिवसांच्या आतली मुलेही, आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून, बोंडले चोखण्याची आपली गती बदलतात. आजींना हे सांगायचे राहून गेले.

बापाच्या आवाजाला नवजात मुले तशी पसंती देताना आढळलेली नाहीत, पण म्हणून तू खट्टू होऊ नकोस. आईचा आवाज तिच्या देहातून आत जातो आणि तुझा बाहेरून जाणार, एवढाच फरक. रोज बोल. फोन स्पीकरवर ठेव, पोटाला टेकवून मोठ्याने लावू नका. आणि बोलून झाल्यावर मुग्धाला विचार की आज बाळ कधी हलले, किती जोरात हलले, नेहमीसारखे हलले का. सध्या तुझी आणि बाळाची ओळख तिच्या सांगण्यातूनच व्हायची आहे, म्हणून ते सांगणे कान देऊन ऐक. त्यात एखाद्या दिवशी काही उणे वाटले, तर पुन्हा तेच लिहिते, वाट पाहू नकोस.

बाबा गाडीत पेट्रोल भरून ठेवतात, तिची फाइल दाराजवळच्या खणात आहे आणि रात्री कर्वे रस्ता मोकळा असतो. उगाच खेप झाली तर होऊ दे, कितीही वेळा होऊ दे. गणपतीला तू येशील तोवर रात्री माझ्या फोनचा आवाज चालू राहील. शुक्रवारी तपासणी आहे. वजन, रक्तदाब आणि डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते बाबा संध्याकाळी कळवतील.

तुझी,
आई