विद्युतभार, पॉलिमर आणि चिमूटभर मीठ

सांगली

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

पाण्यातील दोन पॉलिमरांपैकी (म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थांपैकी) एकाला विद्युतभार दिला की त्याच्या साखळ्या परस्परांना दूर लोटतात आणि म्हणून मिश्रण फुटत नाही, म्हणजे दोन थरांत त्याचे विलगन होत नाही, असे तू लिहिले आहेस. निष्कर्ष मला मान्य आहे. कारण मात्र अपुरे वाटते.

फ्लोरी आणि हगिन्स यांच्या १९४०च्या दशकातील सिद्धांतानुसार साखळी जितकी लांब, तितका मिसळण्यातून होणारा एन्ट्रॉपीचा, म्हणजे विखुरण्याच्या स्वातंत्र्याचा, लाभ कमी, आणि म्हणूनच लांब साखळ्यांचे दोन पॉलिमर किरकोळ नावडीनेही वेगळे होतात. आता हजार दुव्यांच्या साखळीतील शंभरात एक दुवा भारित आहे असे धर. तिच्याबरोबर विरुद्ध भाराचे दहा सुटे आयन (भारित कण) येतात, आणि नवरदेव जाईल तिकडे वऱ्हाडाने जावे तसे त्यांना तिच्यामागे जावेच लागते, कारण कोणत्याही थरात निव्वळ भार साचू शकत नाही. भारित पॉलिमर एका थरात गोळा झाला, तर एका साखळीबरोबर दहा आयनांचे स्वातंत्र्य जाते. विलगन महाग पडते ते मुख्यतः यामुळे. साखळ्यांमधील प्रतिकर्षण ही त्यामानाने दुय्यम बाब आहे.

दोन्ही पॉलिमर भारित, पण भार विरुद्ध, असे असेल तर चित्र उलटते. जिलेटीन आणि अरबी डिंक यांची कोमट द्रावणे एकत्र करून पीएच (आम्लतेचे माप) चारच्या आसपास आणला की धन जिलेटीन व ऋण डिंक जवळ येतात, द्रावण दुधाळ होते आणि दोन्ही पॉलिमरांनी समृद्ध असा दाट द्रव खाली बसतो. बुंगेनबर्ग डी याँग आणि क्रायट यांनी १९२९ मध्ये यालाच कोॲसर्व्हेशन म्हटले. आमच्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग आवर्जून दाखवतो, कारण त्याला महागडे उपकरण लागत नाही. दाट भाराच्या साखळ्या जुळतात तेव्हा त्यांनी धरून ठेवलेले आयन सुटतात. म्हणजे आधी विलगन रोखणारी आयनांची एन्ट्रॉपीच येथे ते घडवून आणण्यास हातभार लावते.

मीठ दोन्हीकडे हा परिणाम पुसते. पहिल्या मिश्रणात भार जुळवायला मिठाचे आयन आयतेच मिळतात आणि विलगन पुन्हा होऊ लागते. दुसऱ्यात आकर्षण झाकले जाते, आयन सुटण्याचा लाभ घटतो आणि पुरेशा मिठाने गढूळपणा नाहीसा होतो. ०.१ मोलर मिठाच्या द्रावणात भाराचा प्रभाव जेमतेम एक नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो.

गणित करताना फोर्न आणि ओव्हरबेक यांचे कोॲसर्व्हेशनविषयीचे १९५७चे सूत्र घेणार असशील, तर एक ध्यानात ठेव: ते साखळीवरील भार एकमेकांना जोडलेले नाहीत असे मानते. दाट भाराच्या साखळ्यांसाठी मी तरी ते वापरणार नाही.

तुझा स्नेही