दादा, गोळी रोज घे, पैसे दुसरीकडे वाचव

ती. दादा,
सा. न.

परवा फोनवर बोललो तेव्हा तू बीपीचं काहीच बोलला नाहीस, "सगळं ठीक आहे" म्हणालास आणि फोन आईकडे दिलास. नंतर वहिनीचा मेसेज आला. तिच्यावर चिडू नको, मीच खोदून खोदून विचारलं. तिने एवढंच लिहिलं की दहा गोळ्यांची स्ट्रिप हल्ली वीस दिवस पुरते. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणजे तू एक दिवसाआड गोळी घेतोयस ना. फोनवर विषय काढला असता तर तू टाळला असतास म्हणून पत्र लिहितेय आणि मोठं लिहितेय, एकदा निवांत बसून सगळं वाच.

पैसे वाचवायचं तुझ्या मनात आलं ह्यात काहीच चूक नाही, उलट मला तर वाटतं वाचवलेच पाहिजेत. ही काही पाच दिवसांची अँटिबायोटिक नाही, वर्षाला ३६५ गोळ्या आणि पुढची कितीतरी वर्षं, त्यामुळे एका गोळीमागे थोडासा फरक पडला तरी वर्षाच्या शेवटी तो मोठा होतो. पण तू गोळ्याच कमी केल्यास. कमी करायचं होतं ते पाकिटावरच्या नावाचं भाडं.

तू म्हणशील एक दिवसाआड घेऊनही मशीनवर नॉर्मल येतंय. येत असेल, आणि त्याचं कारण आहे. वहिनीने स्ट्रिपचा फोटो पाठवला त्यावर टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ असं आहे. ह्यातलं अ‍ॅम्लोडिपिन अंगात खूप रेंगाळतं, रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायलाच त्याला साधारण ३० ते ५० तास लागतात, टेल्मिसार्टनचं तेच २४ तासांच्या आसपास. त्यामुळे एक गोळी चुकली की त्या दिवशी लगेच काही कळत नाही आणि माणसाला वाटतं चाललंय की. पण रोज एक ह्या हिशोबाने जेवढं औषध अंगात टिकायला पाहिजे त्याच्या निम्म्यावर ते येऊन थांबतं आणि तू बीपी मोजतोस ते बहुतेक गोळी घेतलेल्या दिवशीच, न घेतलेल्या दिवशी पहाटे किती असतं ते कोण बघतंय? बीपी दुखत नाही दादा. बाबांना तरी कुठे काय दुखत होतं.

अजून एक गोष्ट, ही मला सगळ्यात जास्त टोचतेय. डॉक्टरांना तू सांगितलेलं नाहीस असं वहिनी म्हणाली. मग उद्या तपासताना बीपी जास्त आलं तर त्यांना वाटणार औषध पुरत नाही, ते पॉवर वाढवणार किंवा दुसरी गोळी जोडणार, म्हणजे खर्च वाढलाच, आणि मग कधीतरी तू ती सगळी नीट रोज घ्यायला लागलास की बीपी एकदम खाली जाऊन चक्कर येणार. त्यामुळे आधी त्यांना सरळ सांग, "डॉक्टर, परवडत नव्हतं म्हणून मी दिवसाआड घेत होतो." ह्यात लाज कसली, त्यांनी हे रोज ऐकलेलं असतं. आणि लगेच पुढचा प्रश्न विचार, हेच औषध जेनेरिकमध्ये, म्हणजे मोठ्या ब्रँडऐवजी तेच औषध असलेली स्वस्त गोळी, लिहून द्याल का.

आता जेनेरिकचं. मला माहितीये तुझं मत काय आहे, स्वस्त म्हणजे काहीतरी कमी घातलेलं असणार. मलाही असंच वाटायचं. इथे मला पहिल्यांदा बीपीचं औषध सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर कुठल्याच कंपनीचं नाव लिहिलं नाही, नुसतं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम. पहिल्या महिन्यात पांढरी गोल गोळी मिळाली, तिसऱ्या महिन्यात लांबट, नंतर परत वेगळीच. मी घाबरून फार्मासिस्टकडे गेले तर तिने दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवून मला वाचायला लावलं. ब्रँडचं नाव वेगळं, कंपनी वेगळी, रंग वेगळा आणि खाली बारीक अक्षरात औषध तेच, पॉवर तीच. सहा वर्षं झाली, तेच चालू आहे आणि बीपी कंट्रोलमध्ये आहे.

स्वस्त का मिळतं तर त्याचं गणित साधं आहे. ज्या कंपनीने औषध शोधलं तिला अर्ज केल्यापासून २० वर्षांचं पेटंट मिळतं, तेवढ्या काळात शोधाचा, मोठमोठ्या चाचण्यांचा खर्च ती वसूल करते. पेटंट संपलं की दुसऱ्या कंपन्या तेच औषध बनवतात, त्यांना माणसांवरच्या त्या हजारोंच्या चाचण्या परत कराव्या लागत नाहीत, फक्त आमची गोळी घेतल्यावर रक्तात औषध तेवढंच आणि त्याच वेगाने उतरतं एवढं सिद्ध करावं लागतं. अ‍ॅम्लोडिपिनचं अमेरिकेतलं पेटंट २००७ मध्येच संपलं. म्हणजे आपण जी गोळी महाग म्हणून घेतो तिच्यातलं मूळ औषध कधीच सगळ्यांना मोकळं झालंय, वरचे पैसे आपण नावाचे देतो.

ह्या सिद्ध करण्याबद्दल एक गैरसमज फिरत असतो, तुझ्या कानावरही आला असेल, की जेनेरिकमध्ये औषध ८० टक्क्यांपासून १२५ टक्क्यांपर्यंत कितीही चालतं. तसं नाहीये. गोळीत औषध किती घालायचं ह्याच्याशी त्या आकड्यांचा संबंधच नाही, ते रक्तातल्या मोजमापाचे आहेत, आणि नुसती सरासरी त्या मर्यादेत बसून भागत नाही, आकडेमोडीत धरलेल्या चुकीच्या शक्यतेसकट सगळा पट्टा आत बसावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी १०० च्या जवळच राहावी लागते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, १९९६ ते २००७ मधले असे २०७० अभ्यास एकत्र तपासले, त्यात रक्तात एकूण किती औषध उतरतं ह्यातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे दादा, जेनेरिकमुळे होणारा फरक हा एवढासा, आणि तू दिवसाआड घेऊन सरळ ५० टक्के कमी केलंस.

आणि जुनं, स्वस्त म्हणजे कमी ताकदीचं हेही खरं नाही. २००२ मध्ये ऑलहॅट नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला होता, ३३ हजारांहून जास्त बीपीचे पेशंट, सगळे ५५ च्या पुढचे. त्यात क्लोरथॅलिडोन ही खूप जुनी आणि स्वस्त लघवी वाढवणारी गोळी, आपलं अ‍ॅम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल ही बीपीची आणखी एक गोळी अशी तुलना केली. जीवघेण्या आणि इतर हार्ट अटॅकच्या बाबतीत तिघांत फरक निघाला नाही, उलट हार्ट फेल्युअर टाळण्यात ती जुनी गोळी पुढे होती. हे वाचून तू स्वतःहून औषध बदलू नको म्हणजे झालं, कुणाला कुठली गोळी हे किडनी, शुगर, वय सगळं बघून ठरतं. मी सांगतेय ते एवढ्यासाठी की किंमत बघून औषधाची ताकद ठरवता येत नाही.

आता मेडिकलमध्ये गेल्यावर काय बघायचं ते सांगते. ब्रँडचं नाव विसर, खालचं कंटेंटचं नाव पूर्ण वाच आणि पॉवर बघ, दोन औषधं असतील तर दोन्हींची. नाव पूर्ण म्हणजे अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, कारण मेटोप्रोलॉल टार्टरेट आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट ह्या एकाच्या जागी दुसरी अशा खपवायच्या गोळ्या नाहीत, पहिली कमी वेळ चालते, दुसरी हळूहळू सुटत दिवसभर पुरते. तसंच एस-अ‍ॅम्लोडिपिन अडीच हे साध्या अ‍ॅम्लोडिपिन पाचच्या बरोबरीचं असतं, तिथे नुसते आकडे बघून कमी-जास्त समजलं तर घोळ होतो. तुझी गोळी दोन औषधं एकत्र असलेली आहे, तर एकत्र गोळीचा जेनेरिक भाव आणि दोन वेगवेगळ्या गोळ्यांचा भाव असे दोन्ही विचार, कधी हे स्वस्त पडतं कधी ते. दोघांत फार फरक नसेल तर एकत्रच घे असं माझं मत आहे, एक गोळी विसरायची शक्यता कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बीपीच्या अशा एकत्र गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या त्या ह्याच कारणासाठी.

बदल केलास की जुनी स्ट्रिप घरात ठेवू नको. हे मी अनुभवाने सांगतेय. माझी कंपनी बदलली तेव्हा जुन्या नावाची अर्धी स्ट्रिप ड्रॉवरमध्ये होती आणि मी दोन वेगळी औषधं समजून चार दिवस दोन्ही घेतल्या, पाय सुजले आणि पाचव्या दिवशी अंघोळीनंतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी भिंतीला धरून खाली बसले. घरात त्या वेळी कोणी नव्हतं. तेव्हापासून स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरात औषधाचं खरं नाव लिहून ठेवते, तूही लिही, वहिनीला आणि आईलाही दाखवून ठेव.

गोळी अर्धी करून पैसे वाचतात असंही लोक सांगतात, म्हणजे मोठ्या पॉवरची घ्यायची आणि दोन तुकडे करायचे, कारण पॉवर दुप्पट असली तरी किंमत बऱ्याचदा दुप्पट नसते. हे चालतं पण डॉक्टर हो म्हणाले तरच आणि गोळीवर मधोमध खाच असेल तरच. नावापुढे एक्सएल, एसआर, ईआर असं काही असेल तर विचारल्याशिवाय अजिबात हात लावायचा नाही, त्या हळूहळू सुटायला बनवलेल्या असतात, तुटली की सगळं औषध एकदम अंगात जाऊ शकतं. तुझ्या एकत्र गोळीला हा उद्योग नकोच.

डोस पक्का झाला, दोन-तीन महिने बीपी एका जागी राहिलं की मग तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घे, मोठ्या खरेदीवर सूट मिळते का विचार, एक्स्पायरी बघ. डोस बदलत असताना मात्र साठा करू नको, पॉवर बदलली की उरलेल्या वाया जातात. बिल दर वेळी घे आणि जपून ठेव. बिल का म्हणतेय, तर २०१८ मध्ये वलसार्टन नावाच्या बीपीच्या औषधात एनडीएमए ही कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धी सापडली होती आणि बऱ्याच देशांत त्या गोळ्या परत मागवल्या, त्यात जेनेरिकच जास्त होत्या, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मूळ कच्च्या मालातच दोष होता. तेव्हा ज्यांच्याकडे बॅच नंबर होता त्यांना लगेच कळलं आपली गोळी त्यातली आहे का. आणि तेव्हासुद्धा औषध खात्यांनी लोकांना सांगितलं होतं की बदली औषध हातात येईपर्यंत आहे ती गोळी बंद करू नका, कारण बीपीची गोळी एकदम बंद करण्यात धोका जास्त.

जिथे वाचवायचं नाही ते पण लिहिते. टेल्मिसार्टन चालू असताना डॉक्टर किडनी ठीक आहे ना ते बघायला क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी सांगतात ती टाळू नको. दंडावर बांधायचं मशीन चांगलं घे, मनगटावरचं नको. जेनेरिक सुरू केल्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोज, पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीला ठेवून, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळचं गोळी घ्यायच्या आधी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढ, घरी मोजलेलं १३५/८५ च्या खाली असावं, तुझ्यासाठी डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तो धर. म्हणजे जेनेरिक काम करतंय का नाही ह्यासाठी ना माझ्यावर विश्वास ठेवायला नको ना मेडिकलवाल्यावर, तुझ्याच वहीत दिसेल.

आणि तुझ्या गुडघ्यासाठी त्या ज्या पेनकिलर घेतोस ना, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे, त्यांनी बीपी वाढतं आणि टेल्मिसार्टनबरोबर किडनीवर ताण येतो. हे डॉक्टरांना नक्की सांग. वजन कमी झालं तर किलोमागे वरचा आकडा साधारण एकाने उतरतो, पाच-सहा किलो उतरले तर डॉक्टर स्वतःच डोस कमी करायचा विचार करतील, ती खरी बचत, पण ती त्यांनी करायची.

मला पैसे पाठव म्हणून तू कधी म्हणणार नाहीस आणि मी पाठवले तर परत करशील, म्हणून ते बोलतच नाहीये. तू फक्त एवढं कर, ह्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन ये आणि नवीन चिठ्ठीचा आणि नवीन स्ट्रिपचा, मागची बाजू दिसेल असा, फोटो मला पाठव. रविवारी फोन करेन, वही जवळ घेऊन बस.

आईला नमस्कार, वहिनीला सांग मी तिची आभारी आहे.

तुझी,
छोटी

ता. क. वहिनीने आठवड्याच्या वारांचा गोळ्यांचा डबा आणलाय म्हणाली. तुझी गोळी त्यात काढून ठेवू नका, टेल्मिसार्टन हवेतला ओलावा पटकन ओढून घेतं आणि खराब होतं. घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची.