तो पक्षी मी का पुसला

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

लोकांसमोर चित्र काढण्याच्या प्रात्यक्षिकात सर्वांना आवडलेला पक्षी मी का पुसला, असे तू फोनवर विचारलेस, तेव्हा मी विषय बदलला. त्याचे उत्तर मला लिहूनच नीट देता येईल असे वाटले.

तीस वर्षे मी बोधचित्रे काढली. मुखपृष्ठ असो वा जाहिरात, चित्र कशाचे, अक्षरांसाठी जागा कुठे सोडायची आणि ते कोणत्या तारखेला द्यायचे, हे सारे पेन्सिल कागदाला टेकण्यापूर्वीच ठरलेले असे. त्या कामाला मी आजही कमी लेखत नाही, कारण रिकाम्या जागेचे भान मला त्यानेच दिले. ॲड राइनहार्ट हा अमेरिकन चित्रकार १९४०च्या दशकात वृत्तपत्रासाठी बोधचित्रे आणि व्यंगचित्रे काढत असतानाच अमूर्त, म्हणजे ओळखू येणारी वस्तू नसलेली, चित्रेही करीत होता आणि पुढे तो जवळजवळ पूर्ण काळ्या दिसणाऱ्या कॅनव्हासपर्यंत पोहोचला, हे वाचले तेव्हा अमूर्ताकडे वळलेल्या मला मोठा धीर आला होता.

प्रात्यक्षिकासाठी ॲक्रेलिक घेतले, कारण तैलरंग हवेतील प्राणवायू शोषून सावकाश वाळतो, त्याला दिवस लागतात. ॲक्रेलिकमधले पाणी मात्र उडून जाते आणि पातळ थर काही मिनिटांत दुसऱ्या थरासाठी तयार होतो. अडचण एवढीच की ओलेपणी त्यातला बंधक, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा पदार्थ, दुधाळ असतो आणि वाळताना पारदर्शक होतो, म्हणून रंग किंचित गडद होतो. समोरचे लोक ओला निळा पाहत होते आणि मी अजून न आलेल्या निळ्याची वाट पाहत होतो. घरी अशा वेळी मी अर्धा तास नुसता बसून राहतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत; त्यांच्या रोलरने लावलेल्या आणि नाईफने, म्हणजे रंगाच्या सपाट सुरीने, उचललेल्या थरांमागे हे बसून पाहणेच असणार, असे मला नेहमी वाटते. पण शंभर डोळे पाठीवर असताना हात खाली ठेवून उभे राहणे फार कठीण असते.

त्याच शांततेत कुणीतरी विचारले, "हे नेमके कशाचे चित्र आहे?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि माझ्या हाताने मला न विचारताच उत्तर दिले. जाड निळ्या रंगात चार फटकारे मारले आणि पक्षी उभा राहिला. टाळ्या वाजल्या. बाळा, त्या टाळ्या मला मनापासून आवडल्या, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण पक्षी येताच बाकीचा सगळा कॅनव्हास त्याच्यामागचे आकाश होऊन बसला. तासभर एकमेकांना तोलून धरणारे ते दोन करडे रंग आता कुणी पाहतच नव्हते, मीसुद्धा नाही. म्हणून रंग ओला होता तोवर नाईफने खरवडून काढला. शेवटच्या रांगेत तू दचकलेली मला दिसलीस.

पंखाची कडा मात्र तेवढ्यात वाळून गेली होती, ती निघाली नाही. आता तिथे एक बारीक निळी रेषा उरली आहे आणि ती त्या दोन करड्यांच्या बरोबर मध्ये पडते. ती ठेवावी की झाकावी, हे अजून ठरत नाही. कॅनव्हास खिडकीसमोर उभा करून ठेवला आहे. तू आलीस की सकाळच्या उजेडात दोघे मिळून पाहू.

तुझा,
बाबा