चावी बाबांकडेच ठेवणाऱ्या दादांना

कोल्हापूरच्या दादा,

स. न. वि. वि.

तुम्ही आमच्याकडून विकत नेलेलं बाबांचं गेमचं मशीन सुखरूप पोचलं, चालूही झालं, हे सांगायला परवा तुमचा फोन आला तेव्हा मी "बरं झालं" एवढंच म्हणू शकले. घसा दाटून आला होता. तेव्हा राहून गेलेलं आज चारचौघांदेखत लिहितेय.

मालवणात बाबांचं गेम पार्लर होतं. पार्लर म्हणजे एक खोली, चार मशीन आणि एक टेबलफॅन. रुपयाचं नाणं टाकलं की गेम सुरू. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं यायची आणि गावातल्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून एकाच मशीनला चिकटायची. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ च्या त्या गेमचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', पण ते कुणाच्या तोंडी नव्हतंच. पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफामुळे सगळ्यांसाठी तो गेमच 'मुस्तफा'.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मोबाईल आले आणि पार्लर बंद झालं. तीन मशीन गेली, हे एक पडवीत राहिलं. दरवर्षी मिरगाच्या आधी बाबा मागचं दार उघडून गेमचा सर्किट बोर्ड बाहेर काढायचे. आमच्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. बोर्ड मशीनच्या वायरींना जोडणाऱ्या जामा कनेक्टरचे छप्पन्न पिन, दोन्ही बाजूंना अठ्ठावीस. माझ्या दप्तरातलं खोडरबर घेऊन ते एकेक पिन घासायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. गेल्या मिरगाला बोर्ड तसाच राहिला आणि यंदा बाबा स्वतःच म्हणाले, "इकून टाक. हंय कुसान जातला."

मग जे आले त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय तुमचे आभार पुरे होणार नाहीत. एकाला मशीन किलोवर हवं होतं. एकाला आतलं सगळं उपटून नुसतं खोकं हवं होतं, हॉटेलात बाटल्या मांडायला, आणि हे तो बाबांच्या तोंडावर बोलला. जुनी मशीन जमवणाऱ्या एका गृहस्थांनी तीन वेळा व्हिडिओ मागवले, येण्याचा दिवस ठरवला, दिवसभर वाट बघायला लावली आणि संध्याकाळी फोनवर म्हणाले, "हे ओरिजिनल नाही हो, लोकल डबा आहे." फोन स्पीकरवर होता. बाबा त्या रात्री पेजेला शिवले नाहीत.

लोकल आहेच ते! बोर्ड मुंबईहून एसटीने मांडीवर ठेवून आणलेला, पिक्चर ट्यूब जुन्या टीव्हीची, आणि सांगाडा आमच्याच वाडीतल्या सुतारकाकांनी फणसाच्या लाकडात केलेला. प्लायवूड आमच्या पावसात फुगतं, म्हणून फणस. तुम्ही आलात, बॅटरी मारून खालच्या कडा बघितल्यात, बोटाने टकटक केलंत आणि बाबांकडे वळून म्हणालात, "काका, फणस ना? म्हणून वाळवी शिवली नाही." बाबा कितीतरी महिन्यांनी खुर्चीत सरळ बसले. मग तासभर तुम्ही दोघं बोलत होता, मी तीनदा चहा केला. आपल्या गावांत गेम आले ते असेच आले, कुणीतरी सुतार गाठून, कुणीतरी बोर्ड मांडीवर आणून, असं तुम्ही म्हणालात. ते वाक्य बाबा आता आल्यागेल्याला ऐकवतात.

पैसे तुम्ही ठरले तेवढे दिलेत, ट्यूबमधला करंट आधी काढलात, काचेला गोधडी गुंडाळलीत, छोट्या हत्तीत मशीन उभं बांधलंत. हे सगळं चांगलंच केलंत. पण मला लिहायला लावलं ते चावीनं.

कॉइन बॉक्सची ती पितळी चावी बाबांच्या करदोड्याला आहे, मला आठवतं तेव्हापासून. आंघोळीलासुद्धा निघत नाही. आधीच्या प्रत्येकाने पहिल्यांदा चावी मागितली होती. तुम्ही निघायच्या वेळी बाबांनी स्वतःच डाव्या हातानं गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. मी पुढे झाले, तर तुम्ही मला थांबवलंत. "काका, चावी राहू दे तुमच्याकडे. मी माझं कुलूप बसवतो." गाडीतून पाना आणलात, टेम्पोवाला घाटात अंधार होईल म्हणून हॉर्न देत होता तरी जमिनीवर मांडी घालून बसलात, जुनं कुलूप काढलंत, नवं बसवलंत. आणि जुनं रुमालाने पुसून बाबांच्या हातावर ठेवलंत. "चावी एकटी काय करणार?"

दादा, विकणारा अडलेला आहे हे घेणाऱ्याला लगेच कळतं. अडलेल्या माणसाचं घर बघायचं नसतं, दर बघायचा असतो, असंच सगळे वागले. तुम्ही दर ठरल्यावरही घर बघितलंत, घरातला म्हातारा माणूस बघितलात. असं वागायला पैसे लागत नाहीत, वेळही फार लागत नाही. तुम्हाला वीस मिनिटं लागली. तरी इतक्या जणांत ते एकट्या तुम्हालाच सुचलं. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

परवा तुमचा फोन झाल्यावर बाबांनी ते कुलूप मागितलं. मी हातात धरलं, त्यांनी डाव्या हाताने चावी घालून फिरवली. कट्ट आवाज आला. पुन्हा फिरवली. मग करदोडा माझ्यापुढे धरला, गाठ मारून द्यायला.

पुढच्या आंब्यांना घरच्यांना घेऊन या. बाबांनी तुमच्या मुलासाठी रुपयाची नाणी काढून ठेवली आहेत, आलात की न्यायची आहेत.

तुमची,
मालवणची ताई